कशावरून? : वाचनातले म्हणणे आणि त्याचा पुरावा ओळखायला मुलांना कसे शिकवावे

सातारा किंवा सांगली जिल्ह्यातील शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला पाचवी-सहावीच्या वर्गात एक गोष्ट लवकरच जाणवते. मुले धडा न अडखळता वाचतात आणि उताऱ्याखालच्या प्रश्नांची उत्तरेही बहुधा बरोबर शोधतात, कारण प्रश्नातले दोन शब्द उताऱ्यात जिथे सापडतील ते वाक्य उतरवून काढले की काम भागते, हे त्यांना ठाऊक झालेले असते. परंतु या उताऱ्यात लेखकाला काय पटवून द्यायचे आहे आणि त्यासाठी त्याने कोणता आधार दिला आहे, असे विचारले की तीच मुले एक तर सगळा उतारा पुन्हा सांगू लागतात किंवा गप्प बसतात. यात मुलांचा दोष नाही. वाक्य शोधण्याचा सराव त्यांना वर्षानुवर्षे मिळालेला असतो. दोन वाक्यांमधले नाते शोधण्याचा सराव मात्र जवळजवळ मिळालेलाच नसतो.

हे नाते शिकवण्याची एक रीत पुढे दिली आहे. ती प्रामुख्याने पाचवी ते आठवीच्या वर्गांसाठी आहे, पण तिची तोंडी पायरी तिसरी-चौथीतही चालते. सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्यावी, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे: कोणतेही वाक्य स्वतःहून पुरावा नसते. ते कोणत्या म्हणण्याच्या बाजूने उभे केले आहे, त्यावरून ते पुरावा ठरते किंवा ठरत नाही. ‘पुरावा म्हणजे ज्यात आकडा असतो ते वाक्य’ अशी व्याख्या फळ्यावर लिहून दिली, तर मुले ती पाठ करतील आणि उताऱ्यातला प्रत्येक आकडा अधोरेखित करून मोकळी होतील.

पहिली पायरी : पुस्तक मिटून

आरंभ उताऱ्याने करू नये. कृष्णाकाठच्या कोणत्याही ऊसपट्ट्यात दिवाळीनंतर वर्गाच्या खिडकीतून धूर दिसतो. शिक्षकाने नुसते विचारावे, ‘तिकडे काय चाललंय?’ कोणीतरी हमखास सांगतो, ‘सर, गुऱ्हाळ सुरू झालंय.’ त्यावर विचारावे, ‘कशावरून?’ उत्तर येते, ‘धूर दिसतोय की.’ इथे थांबू नये. ‘कुणी उसाचं पाचट पेटवलं असलं तर?’ असे विचारल्यावर वर्ग खऱ्या अर्थाने जागा होतो, कारण आता मुलांना आणखी आधार शोधावा लागतो. पाचटाचा धूर थोड्या वेळात विरतो आणि चुलवणाचा धूर दिवसभर एकाच जागेवरून निघत राहतो, असे एखादी मुलगी सांगते. रस काहिलीत उकळत असल्याचा वास येतो का ते बघू, असे दुसरा सुचवतो. ज्याच्या घरचा ऊस तोडून तिकडे गेला आहे, तो तर साक्षच देतो.

या पाच-दहा मिनिटांत मुलांनी एक म्हणणे मांडले, त्याला आधार दिला, तोच आधार दुसऱ्या म्हणण्यालाही लागू पडतो हे पाहिले आणि दोन म्हणण्यांत निवड करता येईल असा नेमका पुरावा शोधला. हे सगळे पुढे छापील मजकुरात करायचे आहे, एवढाच फरक. म्हणून पहिले आठ-दहा दिवस रोज असा एखादा प्रसंग घ्यावा आणि ‘कशावरून?’ हा एकच प्रश्न वापरावा. ‘दावा’, ‘युक्तिवाद’, ‘समर्थन’ हे शब्द या टप्प्यावर आणू नयेत. ‘म्हणणं’ आणि ‘पुरावा’ हे दोन शब्द मुलांच्या घरच्या बोलण्यातले आहेत आणि ते बराच काळ पुरतात.

शिक्षकाने स्वतःसाठी मात्र थोडे अधिक जाणून घेतलेले बरे. आपल्याकडच्या न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, अनुमान मांडण्याचे पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे. जिथे धूर असतो तिथे अग्नी असतो, जसे स्वयंपाकघरात. इथेही तसाच धूर आहे. म्हणून डोंगरावर अग्नी आहे. मराठी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नावामागे ‘तर्कतीर्थ’ ही पदवी लागते ती याच शास्त्राच्या अध्ययनामुळे, आणि त्यांचे वाई सातारा जिल्ह्यातच आहे. या पाच अवयवांपैकी आपल्या कामाला सर्वांत उपयोगी पडतो तो तिसरा, म्हणजे धूर आणि अग्नी यांना जोडणारा नियम. लेखक बहुतेक वेळा हा नियम लिहीतच नाही, तो गृहीत धरतो. मुलांना पुरावा सापडतो पण तो पुरावा का हे सांगता येत नाही, तेव्हा हा न लिहिलेला दुवाच निसटलेला असतो.

‘कारण’ या शब्दापाशी थोडे थांबावे

तोंडी सरावातून लेखी मजकुराकडे जाताना पहिली खरी अडचण येते ती ‘कारण’ या शब्दाची. ‘रस्ता ओला आहे, कारण पाऊस पडला’ आणि ‘पाऊस पडला असणार, कारण रस्ता ओला आहे’ ही दोन वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहावीत. पहिल्यात पावसाने रस्ता ओला केला. म्हणजे ‘कारण’नंतर जे आले ते घटना घडण्याचे निमित्त आहे. दुसऱ्यात ओल्या रस्त्याने पाऊस पाडलेला नाही. ओल्या रस्त्यावरून पाऊस पडल्याचे आपल्याला कळले. आपल्याला हवा असलेला पुरावा दुसऱ्या प्रकारचा आहे. मराठीत दोन्ही ठिकाणी एकच शब्द येत असल्याने मुले सर्रास घोटाळा करतात, आणि खरे सांगायचे तर मोठ्यांच्या लेखनातही हा घोटाळा कमी नसतो.

यावर एक साधी कसोटी आहे. ‘कारण’ काढून तिथे ‘हे मला कळले, ते असे की’ ठेवून पाहावे. ‘पाऊस पडला असणार, हे मला कळले, ते असे की रस्ता ओला आहे’ हे वाक्य चालते. ‘रस्ता ओला आहे; हे मला कळले, ते असे की पाऊस पडला’ हे मात्र कानाला खटकते, कारण रस्ता तर डोळ्यांसमोरच आहे. सहावीपासून पुढच्या मुलांना ही कसोटी दोन-तीन दिवसांत जमते. पाचवीच्या मुलांना ती जड गेली तर सोडून द्यावी. पुढच्या वर्षी ती आपोआप सोपी होते.

‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘यावरून’, ‘त्याअर्थी’ हे शब्दही शोधायला लावावेत, पण त्यांच्यावर फार विसंबू नये. गोष्टीत ‘म्हणून तो घरी परत गेला’ असे येते तेव्हा तिथे कोणीही काही पटवून देत नसते. उलट, चांगल्या लेखात म्हणणे आणि पुरावा यांच्यामध्ये असा एकही शब्द नसतो आणि तरी नाते पक्के असते. वाटल्यास गंमत म्हणून एखादा शासकीय आदेश वर्गात दाखवावा. ‘ज्याअर्थी’ने सुरू होणारे तीन-चार परिच्छेद आणि शेवटी ‘त्याअर्थी’ने येणारा निर्णय पाहून मुलांना हसू येते, परंतु म्हणणे आणि आधार इतके उघडे करून दाखवणारा मजकूर दुसरीकडे क्वचितच मिळेल.

दुसरी पायरी : सहा वाक्यांचा उतारा

पाठ्यपुस्तकातला धडा पहिल्या उताऱ्यासाठी बहुधा फार लांब पडतो. शिक्षकाने पाच-सहा वाक्यांचा उतारा स्वतः लिहावा आणि त्यात जाणूनबुजून एक-दोन अशी वाक्ये घालावीत जी खरी आहेत, विषयाशी जुळतात, पण म्हणण्याला आधार देत नाहीत. या वाक्यांमुळेच उतारा शिकवण्याजोगा होतो. नमुन्यादाखल हा एक घ्यावा:

‘सातारच्या वसतिगृहात भाऊराव पाटील यांनी जातिभेद प्रत्यक्ष वागण्यातून मोडला. रयत शिक्षण संस्थेची स्थापना त्यांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातील काले येथे केली आणि 1924 मध्ये ते साताऱ्यात आले. वसतिगृहात निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकाच छपराखाली राहत आणि एकाच पंक्तीला जेवत. स्वयंपाकापासून स्वच्छतेपर्यंतची कामे मुलेच करत. 1927 मध्ये महात्मा गांधींनी या वसतिगृहाला भेट दिली आणि त्याला शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. भाऊराव हे फार मोठ्या मनाचे होते.’

वाचन झाल्यावर प्रत्येक मुलाने आधी लेखकाचे म्हणणे शोधावे आणि त्यावर बोट ठेवावे. बोट ठेवणे ही बारीकशी गोष्ट वाटते, पण ती सोडू नये. बोट एका वाक्यावरच ठेवता येते, त्यामुळे ‘सगळंच’ असे उत्तर देण्याची वाट बंद होते. इथे म्हणणे पहिल्याच वाक्यात आहे आणि आरंभीच्या सगळ्या उताऱ्यांत ते तिथेच ठेवावे. नंतर उरलेली पाच वाक्ये एकेक करून घ्यावीत आणि प्रत्येकाला विचारावे: हे वाक्य पुसून टाकले तर पहिल्या वाक्यावरचा आपला विश्वास कमी होतो का?

तिसरे वाक्य पुसले तर म्हणणे उघडे पडते, हे मुलांना चटकन कळते. ज्या काळात पंगती वेगळ्या बसत त्या काळात एका पंक्तीला जेवणे म्हणजे काय, हे त्यांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकून माहीत असते, म्हणजे न लिहिलेला दुवा त्यांच्याजवळ असतो. दुसऱ्या वाक्यावर मात्र वर्गात दोन तट पडतात. त्यात तीन ठिकाणी नेमकी माहिती आहे, वर्षे आहेत, गावाचे नाव आहे, त्यामुळे अर्ध्याहून अधिक मुले त्याला पुरावा म्हणतात. त्यांना चूक ठरवण्याची घाई करू नये. ‘संस्था काल्याला सुरू झाली, म्हणून जातिभेद मोडला, असं म्हणता येईल का?’ एवढेच विचारावे. वाक्य खरे आहे आणि तरी या म्हणण्याचा पुरावा नाही, हे मुलांना या ठिकाणी पहिल्यांदा दिसते.

चौथे वाक्य सर्वांत चांगले आहे आणि त्याला वेळ द्यावा. नुसते ‘मुले कामे करत’ हे स्वावलंबनाचा पुरावा आहे. जातिभेद मोडल्याचा नाही. पण एकाच्या हातचे दुसरा जेवत असेल, तर ते जातिभेद मोडल्याचाही पुरावा होते. उताऱ्यात तसे स्पष्ट लिहिलेले नाही. तेव्हा ‘हा अर्धा पुरावा आहे, लेखकाने आणखी एक वाक्य लिहायला हवे होते’ असे एखाद्या मुलीने म्हटले, तर त्या दिवशीचे काम फत्ते झाले असे समजावे. शेवटचे वाक्य मत आहे. त्याला स्वतःलाच पुराव्याची गरज आहे. पाचव्या वाक्याचा निवाडा मी वर्गावर सोडून देतो. गांधीजी आले म्हणून जातिभेद मोडला असे होत नाही; परंतु शाहू छत्रपतींच्या नावाला जातिभेदाविरुद्धच्या कामाचा संदर्भ आहे, असे कोणी म्हणाले तर तेही ऐकून घेण्यासारखे आहे.

यानंतरची कृती या पायरीचा गाभा आहे. उतारा तोच ठेवून पहिले वाक्य बदलावे: ‘रयत शिक्षण संस्था शंभर वर्षांहून जुनी आहे.’ आता पुन्हा बोटे ठेवायला सांगावे. मघाशी बाजूला सारलेले दुसरे वाक्य आता एकमेव पुरावा होते आणि पंक्तीचे वाक्य नुसती माहिती होऊन बसते. तिसऱ्यांदा पहिले वाक्य ‘वसतिगृहातील मुलांना स्वावलंबनाची शिकवण मिळत होती’ असे करावे. मग चौथे वाक्य पुढे येते. पुरावा हे वाक्याच्या अंगचे लक्षण नसून त्याने केलेले काम आहे, ही गोष्ट व्याख्येने समजत नाही, ती अशी म्हणणे बदलून पाहिल्यानेच समजते. या एका कृतीसाठी दोन तासिका गेल्या तरी त्या वाया गेल्या असे मानू नये.

तिसरी पायरी : पुरावा पुरतो का?

पुरावा ओळखता येऊ लागला की तो म्हणण्याएवढा मोठा आहे का, हे पाहायला शिकवावे. त्यासाठी जिल्ह्यातल्या अभिमानाच्या गोष्टी फार उपयोगी पडतात, कारण तिथे मुले पुरावा न तपासताच मान डोलावतात. ‘सांगलीची हळद देशात सर्वांत उत्तम आहे, कारण तिला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले’ हे वाक्य सांगलीच्या वर्गात ठेवावे. मानांकन खरे आहे आणि हळदीच्या बाजारपेठेत सांगलीचे नाव मोठे आहे, हेही खरे आहे. पण भौगोलिक मानांकन म्हणजे काय? एखाद्या मालाचे गुण किंवा त्याचा लौकिक त्या विशिष्ट प्रदेशाशी जोडलेला आहे, याची ती नोंद असते. तो माल दुसऱ्या प्रदेशातल्या मालापेक्षा सरस असल्याचा तो निकाल नसतो. वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीलाही असेच मानांकन आहे. एवढे समजल्यावर मुलांना विचारावे की या पुराव्यावर किती मोठे म्हणणे उभे राहील. ‘सांगलीच्या हळदीची स्वतःची वेगळी ओळख आहे’ एवढे नक्की उभे राहते. म्हणणे पुराव्याच्या मापाने कापायला शिकणे, हे या वयात पुरेसे आहे. साताऱ्याच्या वर्गात हेच महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवर करता येईल.

डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचे काय करायचे, हाही प्रश्न इथेच निघतो. शिराळा तालुक्यात नागपंचमीमुळे सापांविषयी प्रत्येक मुलाकडे सांगण्यासारखे काहीतरी असते आणि ‘साप दूध पितो, मी स्वतः पाहिलंय’ हे विधान कधी ना कधी वर्गात येतेच. शिक्षकाने त्या मुलाला खोटे पाडू नये. त्याने जे पाहिले ते खरे असू शकते. प्रश्न आहे तो त्याने त्यावरून काय ठरवले याचा. साप सस्तन प्राणी नाही, दूध हा त्याचा आहार नाही आणि तहानेने व्याकुळ झालेला साप समोर ठेवलेले द्रव पिऊ शकतो, एवढी माहिती दिली की पाहिलेली गोष्ट एक आणि तिचे अर्थ दोन, हे मुलांच्या लक्षात येते. खिडकीतल्या धुराच्या वेळी त्यांनी हेच केलेले असते. सणाच्या श्रद्धेवर टीकाटिप्पणी या तासाला करू नये. तिथे घसरले की मुले पुराव्याकडे न पाहता घरच्यांची बाजू घेऊ लागतात, आणि ते स्वाभाविकही आहे.

चौथी पायरी : ‘त्यानंतर’ आणि ‘त्यामुळे’

सातवी-आठवीच्या मुलांसाठी कोयनेचा भूकंप हा अतिशय समृद्ध विषय आहे. पाटण तालुक्यातील कोयना धरणाच्या जलाशयात 1960 नंतरच्या काही वर्षांत पाणी साठू लागले आणि 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 6 हून अधिक तीव्रतेचा भूकंप होऊन कोयनानगर व आसपासच्या गावांची मोठी हानी झाली. ‘धरण बांधले, नंतर भूकंप झाला, म्हणजे धरणामुळे भूकंप झाला’ हे म्हणणे मुलांपुढे जसेच्या तसे ठेवावे आणि एवढ्यावर ते मान्य कराल का, असे विचारावे. एखादा चुणचुणीत मुलगा म्हणेल की धरणानंतर वीजही आली आणि पाटणला कॉलेजही निघाले, मग भूकंप नेमका धरणामुळेच कशावरून? एकामागून एक घडले एवढ्यावरून एकामुळे दुसरे घडले असे ठरत नाही, हे त्याने स्वतःच सांगितलेले असते.

त्यानंतर आणखी माहिती एकेक करून द्यावी आणि प्रत्येक वेळी विचारावे, आता विश्वास वाढला की कमी झाला? जलाशयात पाणी साठू लागल्यावर त्या परिसरात धक्के जाणवू लागले. पुढील दशकांत धक्क्यांचे प्रमाण जलाशयातील पाण्याच्या चढउताराशी जुळते, असे शास्त्रज्ञांना आढळले. शिराळा तालुक्यात चांदोलीजवळ वारणा नदीवर धरण होऊन तिथे पाणी साठू लागले, तेव्हा धक्क्यांचे क्षेत्र त्या दिशेलाही पसरले. हे धक्के दूरवर विखुरलेले नसून जलाशयांजवळच्या एका मर्यादित पट्ट्यात एकवटलेले आहेत. दुसरीकडे, जगात आणि महाराष्ट्रात असंख्य धरणे आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांजवळ असे भूकंप झालेले नाहीत.

ही शेवटची माहिती आली की वर्ग गोंधळतो, आणि त्याला तसे थोडा वेळ गोंधळू द्यावे. शास्त्रज्ञांचे म्हणणे कसे घडत गेले, हे सांगण्याची ती योग्य वेळ असते. भूगर्भात आधीच ताण साठलेल्या भेगा होत्या आणि जलाशयाच्या पाण्याने त्यांना चालना दिली, असे ते आज मांडतात. धरणाच्या पाण्याने चालना मिळालेल्या भूकंपांचे जगातले एक ठळक उदाहरण म्हणून कोयनेकडे पाहिले जाते. ‘धरणाने भूकंप घडवला’ आणि ‘धरणाच्या पाण्याने भूकंपाला चालना दिली’ या दोन वाक्यांतला फरक मुलांना आधी किरकोळ वाटतो. दुसरे वाक्य सगळ्या पुराव्यांना सामावून घेते, भूकंप न झालेल्या धरणांनाही. पहिले तसे करत नाही. हे मुलांना स्वतः तपासू द्यावे. माझ्या मते आठवीच्या वर्षात या विषयासाठी तीन तासिका राखून ठेवाव्यात आणि त्या शक्य तर विज्ञान किंवा भूगोल शिकवणाऱ्या सहकाऱ्याबरोबर घ्याव्यात.

दोन बाजूंचे वाचन

एकाच विषयावर उलटसुलट म्हणणी मांडणारे दोन उतारे वाचायला देणे, ही पुढची पायरी आहे. सांगलीत यासाठी महापुराचा विषय समोरच असतो. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांपर्यंत चढली होती. तिथली धोक्याची पातळी 45 फूट मानली जाते. या पुराला कर्नाटकातील अलमट्टी धरणातील पाणीसाठा जबाबदार आहे असे एक म्हणणे मांडले जाते, आणि पाणलोट क्षेत्रात थोड्या दिवसांत झालेली अतिवृष्टी, धरणांतील विसर्गाची वेळ व पूररेषेच्या आत झालेली बांधकामे यांकडे बोट दाखवणारे दुसरे म्हणणेही आहे. शिक्षकाने दोन्ही बाजूंचे सहा-सात वाक्यांचे उतारे तयार करावेत. बाजू कोणती बरोबर हे मुलांनी ठरवायचे नाही. प्रत्येक लेखकाने कोणता पुरावा दिला, कोणता द्यायला हवा होता आणि दुसऱ्याच्या कोणत्या पुराव्याला त्याने उत्तरच दिले नाही, एवढे त्यांनी शोधायचे आहे.

मात्र हा विषय केव्हा घ्यावा याचे तारतम्य ठेवावे. पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांतील नदीकाठच्या गावांत आणि सांगली शहराच्या सखल भागात ज्यांच्या घरात पाणी शिरले त्या घरांतली मुले आपल्याच वर्गात बसलेली असतात. त्यांच्यासाठी तो उतारा नसतो, आठवण असते. वर्गाची आपल्याशी ओळख होण्याआधी हा विषय काढू नये, आणि काढला तर ‘तू पाहिलेस ते खरे आहे, आता लेखकाने काय लिहिले ते पाहू’ अशी सीमा हळुवारपणे पण स्पष्टपणे आखावी. ज्यांना हे अवघड वाटेल त्यांनी शाळेला मैदान हवे की बाग, मोबाइलवर अभ्यास व्हावा की नाही, असले विषय घ्यावेत. ते थोडे मिळमिळीत आहेत, पण शिकवण्याचे काम त्यांतूनही होते.

साहित्यासाठी फार शोधाशोध करावी लागत नाही. वर्तमानपत्रातील वाचकांची पत्रे या कामाला अग्रलेखापेक्षा बरी, कारण ती लहान असतात आणि त्यांतील पुरावा बऱ्याचदा लंगडा असतो. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकातील माहितीपर लेखही चांगले. महाबळेश्वर-पाचगणी भागात सहल गेली तर भिलारच्या पुस्तकांच्या गावी एखादा तास थांबून प्रत्येक मुलाला ‘लेखक काहीतरी पटवून देतोय’ असे एक पान शोधायला सांगावे. गोष्टीचे पान आणि पटवून देणारे पान यांतला फरक तिथे सहज लक्षात येतो. जाहिराती आठवड्यातून एखाद्या दिवशी पुरे. त्यांत मुलांना मौज वाटते, पण त्यांची खोड काढणे फार सोपे असते आणि त्यामुळे सगळे लेखन फसवेच असते, असा ग्रह होण्याचा धोका राहतो.

मुले हमखास कुठे अडतात

काही मुले नेहमी उताऱ्याचे शेवटचे वाक्य म्हणणे म्हणून दाखवतात, कारण तात्पर्य शेवटी असते अशी त्यांना गोष्टींनी सवय लावलेली असते. त्यांच्यासाठी म्हणणे मधोमध असलेले उतारे लिहावेत. काही मुले पुरावा विचारला की आपल्या मनातली माहिती सांगतात. ती बरोबर असली तरी ‘हे कोणत्या ओळीत आहे?’ असे विचारून त्यांना मजकुराकडे परत आणावे. आणि काही मुले ‘पुस्तकात लिहिलंय म्हणून’ हाच पुरावा देतात. यांच्याशी सर्वांत सबुरीने वागावे लागते. पुस्तकावरचा त्यांचा विश्वास मोडायचा नसतो. पुस्तकाने आपल्याला कशाच्या आधारे सांगितले, हेही पुस्तकालाच विचारता येते, एवढेच त्यांना दाखवायचे असते. शिक्षकाच्या बोलण्यालाही मुलांनी ‘कशावरून?’ विचारले, तर ते उद्धटपणाचे समजू नये. पहिल्या वेळी जरा बिचकायला होते, पण उत्तर द्यावे, आणि उत्तर नसेल तर उद्या पाहून सांगतो असे म्हणावे.

लेखी परीक्षेत काय विचारावे

‘लेखकाचे मत कोणते?’ हा एकच प्रश्न ठेवला तर मुले पुन्हा वाक्य शोधून उतरवतील. त्यापेक्षा म्हणणे छापूनच द्यावे आणि पाच वाक्यांपैकी कोणती त्याला आधार देतात, कोणती देत नाहीत आणि का, हे विचारावे. पाच गुणांचा प्रश्न असेल तर वाक्य ओळखण्याला दोन आणि ‘का’ला तीन गुण ठेवावेत. वाक्य चुकले पण दिलेले कारण विचारपूर्वक असेल, तर त्या तिनांतले गुण द्यावेत. उत्तरपत्रिका तपासायला वेळ लागतो, हे मान्य आहे. शिष्यवृत्ती परीक्षेच्या बहुपर्यायी प्रश्नांच्या धर्तीवर सराव हवा असेल, तर चारही पर्याय खरे असावेत आणि त्यांपैकी एकच दिलेल्या म्हणण्याचा पुरावा असावा. असे प्रश्न तयार करणे कष्टाचे असते, म्हणून केंद्रातील दोन-तीन शाळांच्या शिक्षकांनी शिक्षण परिषदेच्या दिवशी ते एकत्र बसून तयार करावेत आणि एकमेकांच्या वर्गांवर वापरून पाहावेत. ज्या प्रश्नावर स्वतः शिक्षकांचेच एकमत होत नाही तो परीक्षेतून काढून टाकावा आणि वर्गात चर्चेसाठी ठेवावा.